रेपर्टरी सॉफ्टवेअर: लक्षणं आधी वहीत की थेट रुब्रिकमध्ये?

पहाटवारा:

होमिओपॅथीची प्रॅक्टिस सुरू करून मला तीन वर्षं झाली आणि पहिल्या दिवसापासून मी रेपर्टरी सॉफ्टवेअर वापरते आहे. (रेपर्टरी म्हणजे लक्षणांची सूची. तिच्यातल्या एकेका लक्षणाच्या नोंदीला रुब्रिक म्हणतात आणि तिच्यापुढे त्या लक्षणाची औषधं असतात. निवडलेल्या रुब्रिक्सवरून सॉफ्टवेअर औषधांचे गुण मोजून तक्ता काढतं.) मागच्या महिन्यात जुन्या केसेस चाळायला घेतल्या तेव्हा एक गोष्ट दिसली, ती काही केल्या डोक्यातून जात नाही. माणसं वेगळी, तक्रारी वेगळ्या, पण तक्त्यातल्या वरच्या रांगा त्याच. सल्फर, लायकोपोडियम, कॅल्केरिया कार्ब, फॉस्फरस, सेपिया, नॅट्रम मूर. क्रम इकडचा तिकडे, बाकी तेच.

एक केस मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईंचं डोकं बऱ्याच वर्षांपासून अधूनमधून दुखतं. तपासण्या झाल्या आहेत, फिजिशियननी अर्धशिशी सांगितली आहे. त्या म्हणाल्या, "दुखायला लागलं की मी दार लावून घेते. कोणी येऊन विचारलं, काय होतंय गं, की जास्तच रडू येतं. जीव घाबरा होतो. मग डोकं नुसतं ठणकतं." त्या बोलत होत्या आणि मी टाइप करत होते. तासाभरात २३ रुब्रिक्स झाल्या. नॅट्रम मूर सगळ्यात वर, पाठोपाठ सेपिया आणि सल्फर. मी पहिलं नाव उचललं. सहा आठवड्यांत काडीचाही फरक पडला नाही.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तुम्ही लक्षणं कशी लावून घेता, ते सविस्तर सांगाल का? कुठली रुब्रिक ठेवायची आणि कुठली गाळायची हे कशावरून ठरवता?

वहीवाला:

आधी एक सांगा. बाईंच्या त्या चार वाक्यांतून तुम्ही किती रुब्रिक्स घेतल्यात? आठवून नको, फाइल उघडून बघा.

पहाटवारा:

बघितलं. माइंड या प्रकरणात कंपनी अ‍ॅव्हर्जन टू (माणसं नकोशी), वीपिंग (रडू), वीपिंगखालची कन्सोलेशन अ‍ॅग्रॅव्हेट्स (समजूत घातली की वाढतं), स्वतंत्र कन्सोलेशन अ‍ॅग्रॅव्हेट्स आणि अँग्झायटी. हेडमध्ये पेन, पल्सेटिंग (ठणका). एकूण सहा.

वहीवाला:

पाणी इथेच मुरतंय.

दुखत असताना कोणी समजूत घातली की त्रास वाढतो, म्हणून त्या एकट्या बसतात. हे एकच लक्षण आहे आणि तुम्ही ते चारदा नोंदवलंय. सॉफ्टवेअर रुब्रिक्स मोजतं. त्यातल्या चार रुब्रिक्स एकाच वाक्याच्या पोटातून निघाल्यात, हे त्याला कळायची सोय नाही. केंट यांच्या रेपर्टरीतल्या कन्सोलेशन अ‍ॅग्रॅव्हेट्समध्ये नॅट्रम मूर, सेपिया आणि सिलिशिया ही तिन्ही ठळक अक्षरात आहेत, म्हणजे प्रत्येकी ३ गुण. त्याच मनःस्थितीच्या आणखी तीन रुब्रिक्स घेतल्या की नॅट्रम मूर त्या प्रत्येक ठिकाणी हजर असतं आणि दर वेळी नव्याने गुण मिळवतं. तुमच्या तक्त्यात ते पहिलं आलं यात नवल नाही. तुम्हीच त्याला चारदा मत दिलंत.

आकड्यांकडेही नीट बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये औषधापुढे दोन आकडे येतात, एकूण गुण आणि किती रुब्रिक्समध्ये ते औषध सापडलं. समजा एकापुढे १७/१० आहे आणि दुसऱ्यापुढे १५/६. पहिलं दहा ठिकाणी आहे, पण बरंचसं हलक्या गुणांनी. दुसरं सहाच ठिकाणी आहे, पण जवळपास प्रत्येक ठिकाणी वजनदार. त्या सहांमध्येच केसचा कणा असेल तर मी दुसऱ्या औषधाचं मटेरिया मेडिका, म्हणजे त्याचं सविस्तर वर्णन, आधी उघडतो. स्क्रीनवर मात्र १७ वर दिसतो आणि नजर तिथेच अडकते.

सल्फर, लायकोपोडियम सतत वर येतात तेही यामुळेच. या औषधांची सिद्धी, म्हणजे प्रूव्हिंग (निरोगी माणसांना औषध देऊन लक्षणं नोंदवणं), सविस्तर झाली आणि वापरही सगळ्यात जास्त झाला, त्यामुळे रेपर्टरीत त्यांच्या नोंदीच अफाट आहेत. जितक्या जास्त आणि जितक्या ढोबळ रुब्रिक्स तुम्ही टाकाल, तितकं पारडं त्यांच्याकडे झुकणार. केंटमधली नुसती अँग्झायटी घ्या, शंभराहून जास्त औषधं आहेत तिच्यात. ती रुब्रिक कोणाला वेगळं काढते? कोणालाच नाही.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. जवळच्या रुब्रिक्स एकत्र करायची सोय जवळपास सगळ्यांत असते. एकत्र केल्या की औषध त्यातल्या कुठल्याही रुब्रिकमध्ये असलं तरी एकदाच धरलं जातं. तुमच्या चारांची एक करा आणि तक्ता परत काढा.

कागदकाम:

वहीवाल्यांचं बरोबर आहे, पण मला त्याच्या एक पायरी मागे जायचंय. रुब्रिक्स नंतर एकत्र करायची वेळच का यावी?

मी शिकले तेव्हा कार्डं होती. एका रुब्रिकचं एक कार्ड, आणि ज्या औषधांना ते लक्षण आहे त्यांच्या जागी भोकं. निवडलेली कार्डं एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायची. ज्या भोकातून उजेड आरपार येईल ते औषध सगळ्या लक्षणांना धरून आहे. सात-आठ कार्डं झाली की बहुतेक वेळा उजेडच दिसेनासा व्हायचा. त्यामुळे एकेक कार्ड काढताना हात थांबायचा, हे लक्षण खरंच इतकं पक्कं आहे का, असं मनाला विचारावं लागायचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकरेपर्टरी, रडार अशी सॉफ्टवेअर आली आणि शोधायचे कष्ट संपले. ते चांगलंच झालं. पण कष्टांबरोबर तो थांबलेला हातही गेला.

पहाटवारा, तुम्ही ऐकता ऐकता टाइप करत होता ना, तिथेच मला खटकलं. ऑर्गेनॉन या ग्रंथाच्या ८४ व्या अ‍ॅफोरिझममध्ये (कलमात) होमिओपॅथीचे जनक हानेमान सांगतात की रुग्णाला मध्ये न तोडता बोलू द्यावं आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. पुढच्या ८५ मध्ये तर लिहायचं कसं तेही आहे. प्रत्येक नवीन गोष्टीला नवी ओळ, एकाखाली एक, म्हणजे सुरुवातीला मोघम सांगितलेलं नंतर स्पष्ट झालं की त्याच ओळीत भर घालता येते. लक्षणं लावण्याची याहून चांगली पद्धत मला आजवर मिळालेली नाही.

माझ्या वहीच्या पानाला तीन उभे रकाने आहेत. डावीकडे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे. मधे, मी पुन्हा विचारल्यावर त्यात पडलेली भर: कुठे, कसं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, सोबत काय. उजवा रकाना रुग्ण जाईपर्यंत कोरा. तो गेल्यावर मी उजवीकडे रुब्रिक लिहिते, आणि एका ओळीला एकच. दोन सुचल्या तर दोन्ही वाचते, त्यातली औषधं बघते आणि एक खोडते. हे झाल्यावरच संगणक सुरू करते. बहुतेक केसेसमध्ये सहा ते नऊ ओळी उरतात.

सांजवात:

कागदकाम ताई, डाव्या रकान्याबद्दल अजून लिहा ना. माझं सगळं घोडं तिथेच अडतं. रेपर्टरी इंग्रजीत, तीही शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या इंग्रजीत, आणि रुग्ण बोलतो मराठीत.

मी माझ्यापुरती एक यादी करत आले आहे. ठणका आणि ठसठस बहुधा पल्सेटिंगकडे जातात. चमक, सणक आणि टोचणं हे स्टिचिंग किंवा शूटिंगकडे. आग, भगभग, चुरचुर हे बर्निंग किंवा स्मार्टिंग. आवळल्यासारखं म्हणजे कन्स्ट्रिक्शन. पोटातला मुरडा किंवा पिळवटणं म्हणजे क्रॅम्पिंग. पण "कळ येते" म्हटलं की मी थांबते. कळ हा शब्द लोक नुसत्या जोराच्या दुखण्यालाही वापरतात, लाटेसारख्या येणाऱ्या दुखण्यालाही आणि प्रसूतीच्या वेणांनाही. तिथे हाताने दाखवायला सांगावं लागतं.

आणि सगळ्यात फसवा शब्द तुमच्याच केसमध्ये आहे: "जीव घाबरा होतो". तुम्ही तो अँग्झायटीत टाकलात. मी एकाच आठवड्यात तीन जणांकडून तो ऐकला. एकाला छातीत धडधड म्हणायची होती, ती चेस्ट या प्रकरणात जाते. एकीला श्वास पुरत नव्हता, ते रेस्पिरेशन. तिसऱ्याला खरोखरच भीती वाटत होती, ते माइंड. तीन माणसं, एकच शब्द, तीन वेगळी प्रकरणं. न विचारता माइंड उघडलं असतं तर तिघांपैकी दोघांचे तक्ते चुकले असते.

मनाच्या शब्दांत तर मराठी अशी काही अचूक आहे की इंग्रजी रुब्रिक तोकडी पडते. धास्ती, धसका, हुरहूर, घालमेल, कासावीस. धसका म्हणजे एखाद्या प्रसंगानंतर मनात बसलेली भीती, त्यासाठी आयलमेंट्स फ्रॉम फ्राइट आहे. कासावीस म्हटलं की रेस्टलेसनेस आणि अँग्झायटी यांतलं काय ते विचारता येतं. हुरहुरीला मात्र मला आजपर्यंत समाधान होईल अशी रुब्रिक सापडलेली नाही. अशा वेळी मी तो शब्द वहीत तसाच ठेवते आणि सॉफ्टवेअरमध्ये काहीच टाकत नाही. बळेच बसवलेली रुब्रिक तक्त्यात खऱ्या लक्षणाइतकीच मोजली जाते.

वहीवाला:

सांजवात, तुमची यादी मी उतरवून घेतली.

शोधण्याबद्दल थोडं. पुष्कळ जण शब्दाच्या शोधावर भिस्त ठेवतात आणि रुब्रिक मिळाली नाही की "नाहीच" म्हणतात. कधी ती दुसऱ्या नावाने असते, कधी दुसऱ्या प्रकरणात. केंटमध्ये एखादी चव हवीशी वाटणं किंवा नकोशी वाटणं हे स्टमकमध्ये आहे. सिंथेसिससारख्या नंतरच्या रेपर्टरीत ते जनरल्समध्ये, म्हणजे संपूर्ण माणसाला लागू होणाऱ्या लक्षणांत, नेलंय. नैराश्यासाठी डिप्रेशन शोधत बसू नका, केंटने ते सॅडनेसमध्ये घातलंय. सर्दी नोजखाली कोरायझा म्हणून आहे. रचना एकदा कळली की शोधावं लागत नाही. माइंडपासून जनरॅलिटीजपर्यंत ३७ प्रकरणं. मोठ्या रुब्रिकखाली आधी वेळ, मग कशाने वाढतं-घटतं, मग दुखणं कुठवर पसरतं, मग नेमकी जागा आणि शेवटी दुखण्याची जात. नव्या मुलांना मी एकच काम सांगतो. सॉफ्टवेअर बंद करा, हेडमधलं पेन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा पुस्तकात वाचा. आठवडा लागतो, पण नंतर आयुष्यभर पुरतं.

आणि वेगवेगळ्या रेपर्टरींतल्या रुब्रिक्स एका तक्त्यात मिसळू नका. केंटमध्ये गुण ३ पर्यंत, सिंथेसिसमध्ये ४ पर्यंत, बोगर यांच्या रेपर्टरीत ५ पर्यंत. सॉफ्टवेअर ते सरळ बेरजेला घेतं. तोच ३ केंटमध्ये सर्वोच्च आणि बोगरमध्ये मधला.

गवाक्ष:

कुठल्या केसला कुठली रेपर्टरी, हेही यातच येतं. पहाटवारांच्या केसमध्ये मनाची लक्षणं बोलकी आहेत, तिथे केंटची वाट ठीक. पण काही रुग्ण मनाबद्दल अक्षर काढत नाहीत. त्यांचं सगळं असं असतं: हललं की वाढतं, दाबलं की बरं, उजवीकडेच, थंड हवेने बिघडतं. तिथे बोनिंगहाउसेन यांची १८४६ ची थेराप्यूटिक पॉकेट बुक हाताशी असलेली बरी. पेशाने वकील असलेल्या या माणसाने लक्षणाचे चार तुकडे केले: जागा, संवेदना, कशाने वाढतं-घटतं, आणि सोबतची तक्रार. एका अवयवात सापडलेली वाढ-घट ते संपूर्ण माणसाला लागू करतात. १८९७ मध्ये आलेल्या केंटच्या रेपर्टरीत ती त्या त्या अवयवाखाली बारकाईने दिलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पुस्तकं एका क्लिकवर असल्यामुळे हा फरक दिसेनासा झालाय. ब्राउझरमध्ये चालणारी मुक्त ओओरेप रेपर्टरी वापरणाऱ्यांनीही कुठलं पुस्तक निवडलंय ते वर बघून मगच शोधावं.

आता एक वेगळी गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेपर्टरीत हृदयाचं दुखणं डाव्या हातात जातं याचीसुद्धा रुब्रिक आहे. सॉफ्टवेअर ती उघडेल, औषधांची यादी देईल, रंगीत तक्ता काढेल. कुठेही "थांबा" म्हणणार नाही. असा रुग्ण समोर असेल तर रुब्रिक शोधायचीच नाही, त्याला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये पाठवायचं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, हातापायातली अचानक गेलेली शक्ती, जडावलेली जीभ, विनाकारण घटणारं वजन, सगळ्यांनाच हा नियम लागू. माझ्या पानावर सगळ्यात वर, रुग्णाच्या शब्दांच्याही आधी, एक ओळ असते: आज हे बघण्याची जागा माझी आहे की नाही? तिचं उत्तर लिहिल्याशिवाय मी खाली जात नाही.

प्रश्नचिन्ह:

मी आधुनिक वैद्यक शाखेचा डॉक्टर आहे. चर्चा मनापासून वाचली आणि गवाक्ष यांची शेवटची ओळ वाचून लिहावंसं वाटलं.

तुम्ही तक्त्यातल्या आकड्यांचा दोष इतक्या प्रामाणिकपणे तपासता आहात, तर एक पायरी पुढे जाऊन हेही म्हणायला हवं की तक्ता कितीही निर्दोष झाला तरी त्यातून औषध लागू पडतं हे सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा आहे असा एकही आजार त्यांना आढळला नाही. १२सी च्या (शंभरात एक असं बारा वेळा विरळ केलेल्याच्या) पुढच्या पोटन्सीत मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही जवळपास नसते. रुग्णाला बरं वाटलं तर ते आजाराच्या स्वाभाविक चढउतारामुळे, किंवा कोणीतरी तासभर नीट ऐकलं म्हणूनही असू शकतं. अर्धशिशी तर आपोआप येते-जाते असाच आजार आहे. सहा आठवड्यांत फरक पडला असता, तर त्याचं श्रेय रुब्रिकला देताना तुम्ही काय तपासलं असतं?

कागदकाम:

प्रश्न रास्त आहे. मी टाळणार नाही.

तक्त्यातला आकडा हा उपयोगाचा पुरावा नाही, हे मला मान्य आहे. तो पुस्तकातल्या नोंदींचा हिशोब आहे. नोंदी प्रूव्हिंगमधून आल्या, विषबाधेच्या वर्णनांतून आल्या, कोणाच्या दवाखान्यातल्या अनुभवातून आल्या. सगळ्या सारख्या भरवशाच्या नाहीत. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये रुब्रिकमधल्या औषधावर गेलं की ती नोंद कोणाकडून आली ते दिसतं. मी ते बघते, आणि महत्त्वाच्या रुब्रिकमध्ये एकाच लेखकाची अलीकडची भर असेल तर तिला फारसं वजन देत नाही. २०१५ च्या त्या निष्कर्षाबद्दल आमच्या क्षेत्रात वाद आहेत, पण रुग्णापासून तो लपवावा असं मला वाटत नाही. विचारलं तर सांगते. आणि चालू असलेलं कुठलंही औषध त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर एवढंच करता येतं, ते करते. औषध देण्याआधी लिहून ठेवते की महिन्यात किती वेळा दुखतं, किती तास, किती वेळा वेदनाशामक गोळी घ्यावी लागते. नंतर त्याच तीन गोष्टी परत मोजते. "बरं वाटतंय" एवढ्यावर मी काही लिहीत नाही. यातून आपोआप झालेली सुधारणा वेगळी काढता येत नाही, तुमचं म्हणणं तिथे उभंच राहतं.

प्रश्नचिन्ह:

ती तीन मापं डोकेदुखीच्या डायरीत आम्हीही लिहायला सांगतो. आभार.

गवाक्ष:

एक छोटी भर, फायलींबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाचं नाव घालू नका, केस क्रमांक घाला आणि नावांची वही वेगळी कुलपात ठेवा. दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. एका अपडेटनंतर माझ्या जुन्या केसेसमधल्या काही रुब्रिक्स रिकाम्या दिसायला लागल्या, कारण नव्या आवृत्तीत त्यांची जागा बदलली होती. ज्यांचं वहीतलं पान होतं त्या केसेस परत उभ्या करता आल्या.

पहाटवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या बाई फॉलोअपला आल्या. मी संगणक बंद ठेवला, तीन रकान्यांचं पान घेतलं आणि वर गवाक्ष यांची ओळ लिहिली. दुखण्याचं रूप पूर्वीसारखंच आहे, नवीन काही नाही, फिजिशियनकडची पुढची तारीख ठरलेली आहे. मग ती तीन मापं लिहून घेतली: महिन्यात ५ वेळा, प्रत्येक वेळी साधारण ८ तास, गोळ्या ६.

मग विचारलं, ठणकतं म्हणजे कसं, दाखवा. त्यांनी मूठ उजव्या कानशिलाशी नेली आणि उघडझाप केली, अगदी नाडीसारखी. म्हणजे पल्सेटिंग बरोबर होतं, पण उजवी बाजू मी पहिल्या खेपेला विचारलीच नव्हती. पुढे विचारलं, जीव घाबरा होतो म्हणजे नेमकं काय होतं? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कोंडल्यासारखं होतं हो. दार लावते, पण खिडकी उघडीच ठेवते. हवा लागते मला." सांजवात, तुमचा संशय खरा निघाला. भीती नव्हतीच.

त्या गेल्यावर उजवा रकाना भरला. समजूत घातली की वाढतं, ही एक ओळ. उजवं कानशील, एक. ठणका, एक. खाली वाकलं की वाढतं, एक. आधी थोडा वेळ डोळ्यांपुढे अंधुक होतं, एक. मोकळी हवा हवीशी वाटते, एक. २३ च्या जागी ६. तक्ता काढला तर वरच्या पाचांतली दोन नावं पहिल्या वेळी यादीत कुठेच नव्हती. पहिल्या वेळच्या वरच्या तीन औषधांपैकी एकच उरलंय, तेही चौथं. अजून काही दिलेलं नाही. आज रात्री पाचही औषधं वाचायला बसते.

सांजवात:

मोकळी हवा फक्त डोकं दुखताना लागते की एरवीही? एरवीही लागत असेल तर ती जनरॅलिटीजमध्ये जाईल आणि तिचं वजन बदलेल. फक्त दुखताना असेल तर डोक्याबरोबरची सोबतीची तक्रार.

पहाटवारा:

हे नाही विचारलं. मधल्या रकान्यात ती जागा कोरी ठेवली आहे. गुरुवारी त्यांचा फोन येणार आहे, तेव्हा विचारते आणि इथे लिहिते.